ओढ्याचा एक टप्पा सांभाळायचा असेल तर

पुण्यात पाषाणला राहायला आलो तेव्हा आमच्या सोसायटीमागून वाहणाऱ्या पाण्याला सगळे 'नाला' म्हणायचे. सोमेश्वरवाडीच्या देवळापाशी तेच पाणी रामनदी होतं. नाला म्हटलं की त्यात काहीही टाकताना हात कचरत नाही. म्हणून आमच्या गटानं पहिल्या दिवसापासून, आपसात बोलतानासुद्धा, रामनदीच म्हणायचं ठरवलं.

या काठावर काम करायला लागून मला सात वर्षं झाली. आम्ही पंधरा-वीस जण आहोत, दर रविवारी त्यातले आठ-दहा येतात. पहिलं अख्खं वर्ष आम्ही फक्त प्लास्टिक उचललं. पोतीच्या पोती भरली, हात भरून आले, समाधानही वाटलं. जूनमधल्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर काठ पुन्हा होता तसा. वरून वाहत येणारं सगळं आमच्या टप्प्यात येऊन अडकत होतं आणि ते कुठून येतं हे पाहायला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणं रामनदीची आहेत, पण ओढा नाशिकचा असो की कोल्हापूरचा, क्रम हाच ठेवा.

१. आधी संगमापासून उगमापर्यंत चाला

रामनदी मुळशी तालुक्यात भूगाव-खाटपेवाडीच्या डोंगराळ भागात उगम पावते, बावधनवरून पाषाण तलावात येते आणि पुढे सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. लांबी साधारण १९ किलोमीटर. आम्ही ती चार रविवारांत खालून वर चाललो. तुमचा ओढा तीन किलोमीटरचाच असेल तर एका सकाळीत होईल.

फेब्रुवारी-मार्चमधली सकाळ निवडा, सात ते नऊची. त्या वेळी घराघरांत आंघोळी आणि धुणी चालू असतात. पाऊस थांबून चार महिने झालेत आणि तरी एखाद्या पाइपातून धो-धो पाणी पडतंय, म्हणजे ते पावसाळी गटाराचं पाणी नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडावर शहरातल्या ओढ्यात जे वाहतं ते बहुतेक मैलापाणी असतं, आणि क्वचित कुठे झऱ्याचं. झऱ्याच्या पाण्याला वास नसतो, तळाचे दगड दिसतात. असा झरा सापडला तर त्याची जागा पहिल्यांदा नोंदवा. बावधनला हमरस्त्यालगत असा झरा आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या थरांतून पाणी मुरत येतं आणि खालचा घट्ट थर लागला की बाजूला फुटून बाहेर पडतं. वर बांधकामाचा पाया खोल गेला किंवा काठावर सिमेंटची भिंत उभी राहिली की ही वाट बंद होते, आणि बंद झालेला झरा पुन्हा मोकळा करणं फार अवघड असतं.

चालताना प्रत्येक पाइप, प्रत्येक ड्रेनेज चेंबर, राडारोड्याचा प्रत्येक ढीग यांना नंबर द्या आणि मोबाइलवर लोकेशनसकट फोटो काढा. आमच्या पहिल्या यादीत सत्तेचाळीस जागा होत्या. पुढची सगळी कामं त्या यादीवरून झाली.

नकाशे तीन लागतात: सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि शहराचा विकास आराखडा. तिन्ही शेजारी ठेवून बघा. गावनकाशावरचा ओहोळ आज जागेवर दिसत नसेल तर तो बुजवलाय किंवा पाइपात घातलाय. पाणी मात्र जुन्याच वाटेनं यायला बघतं. २०१० च्या ऑक्टोबरात रामनदीला पूर आला आणि पाषाण परिसरात माणसांचे जीव गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्यानं दक्षिण पुण्यातल्या वस्त्यांत हाहाकार केला. दोन्ही वेळा काही तासांचा पाऊस पुरला. ओढ्याचं काम म्हणजे हौसेचं सुशोभीकरण नव्हे, हे आम्हाला त्या नकाशांवर वाकून बसल्यावर कळलं.

पूररेषाही समजून घ्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या जलसंपदा विभाग ठरवतो. तुमच्या ओढ्याची पूररेषा आखली आहे का, हे विचारणं हे तुमच्या कामातलं एक पत्र असू दे.

आणि जुन्या गावठाणातल्या माणसांशी बोला. आमच्या टप्प्यावर एक आजी रोज शेळ्या घेऊन यायच्या. त्यांनी एकदा पुलाच्या खांबाजवळची जागा दाखवली. "हितं आम्ही गोधड्या धुवायचो, आन् त्या तिकडं वाळूत झिरा उकरून प्यायचं पाणी भरायचो," म्हणाल्या. आज तिथे दोन फूट काळा गाळ आहे. पण खाली वाळू होती, म्हणजे पाणी मुरत होतं, हे आम्हाला कुठल्याच नकाशातून कळलं नसतं.

२. टप्पा लहान घ्या, सगळ्यात घाण जागा घेऊ नका

उत्साहात लोक दोन किलोमीटर अंगावर घेतात आणि तिसऱ्या महिन्यात दोघंच उरतात. दोनशे-तीनशे मीटर पुष्कळ झाले. खाली उतरायला धड वाट हवी, जवळ राहणारी निदान चार घरं गटात हवीत, आणि काहीतरी अजून जिवंत असलेलं हवं: एखादा उंबर, करंजांची रांग, छोटा डोह. सगळ्यात वाईट जागेपासून सुरुवात केली की वर्षभर फरकच दिसत नाही आणि माणसं गळतात.

पुण्यात असाल तर एकटं सुरू करू नका. जीवितनदी ही संस्था विठ्ठलवाडीला मुठेकाठी आणि औंधला राम-मुळा संगमावर नदीकाठ दत्तक घेऊन काम करते, रामनदीसाठी किर्लोस्कर वसुंधरा या पर्यावरण उपक्रमाचं पुनरुज्जीवन अभियान आहे. दोन-तीन रविवार कुणाबरोबर तरी काम करून बघा, मग आपला टप्पा निवडा.

३. परवानगी आणि कागद

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २० नुसार नद्या-नाल्यांचं पात्र शासनाचं असतं. काठ मात्र खासगी, सोसायटीचा, देवस्थानाचा किंवा वनखात्याचा असू शकतो. म्हणून पात्रात उतरण्याआधी काठ कुणाचा हे सातबाऱ्यावरून किंवा मिळकत पत्रिकेवरून पाहून घ्या. आम्ही ते पाहिलं नाही आणि दीडशे खड्डे खणून झाल्यावर जमिनीचे मालक आले. माणूस समजूतदार होता म्हणून निभावलं.

शहरात कामं वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे, मैलापाणी मलनिःसारणाकडे, झाडं उद्यान विभागाकडे, राडारोडा आणि अतिक्रमण आणखी कुणाकडे. एकाच पत्रात सगळं लिहिलं की ते पत्र टेबलावरून टेबलावर फिरत राहतं. एका विषयाला एक पत्र, क्षेत्रीय कार्यालयाच्या नावे, आणि प्रत खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याला. रोजच्या कामाला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे आरोग्य कोठीवरचा, म्हणजे पालिकेच्या सफाई कामगारांच्या हजेरीच्या ठिकाणचा, मुकादम. त्यांना आधी भेटा. गोळा केलेली पोती न्यायला गाडी कधी येईल ते तेच सांगू शकतात.

हद्दीचं भान ठेवा. रामनदीचा वरचा भाग ग्रामपंचायतींकडे आणि पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) जातो, खालचा महापालिकेकडे. पाणी एकच असलं तरी पत्रं दोन लागतात.

पहिल्या फाइलमध्ये एवढं असू द्या:

– टप्प्याचा नकाशा, सुरुवात आणि शेवट ओळखीच्या खुणांसह
– गटातल्या पाच-सहा जणांची नावं, फोन, सह्या
– काय करणार आणि काय करणार नाही, याचं एक पानी पत्र
– काठाच्या मालकाची लेखी संमती
– जागांची नंबरवार यादी, फोटो आणि तारखांसह
– दिलेल्या प्रत्येक पत्राची पोच

पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिन्ही बघा.

माहिती मिळत नसेल तर माहिती अधिकार अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. "नाल्याबाबत काय कारवाई केली?" असं विचारलं की उत्तरही तसंच मोघम येतं. "या पुलापासून त्या पुलापर्यंतच्या मलवाहिनीच्या नकाशाची प्रत द्यावी" असं विचारा. प्रत मिळायला अडचण असेल तर फाइल जागेवर बसून पाहण्याची मागणी करता येते.

४. पात्रात उतरण्याआधी

इथे कुणाच्याही उत्साहाला मुरड घालायला कचरू नका. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, जाड रबरी हातमोजे, फावडं, दाताळं, घमेली, कोयता, गोणपाटाची पोती, दोर, शिट्टी, साबण आणि पिण्याचं पाणी एवढं सामान प्रत्येक वेळी हवंच. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी काठावर नोंदी घ्या, पाण्यात उतरू नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. काम केल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'नाल्यात काम केलं होतं' हे आपणहून सांगा.

गाळावर पाय टाकण्याआधी काठीनं खोली बघा. दगडाखाली, पालापाचोळ्यात हात घालण्याआधी काठीनं ढवळा, घोणस असू शकते. सुया आणि फुटक्या काचांसाठी वेगळा जाड प्लास्टिकचा डबा ठेवा. वर डोंगराकडे काळं दिसलं की बाहेर या, आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी. मुलं काठावरच. आणि ड्रेनेज चेंबरचं झाकण स्वतः कधीही उघडू नका, आत कधीही उतरू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो.

५. सफाई

आधी वरच्या अंगाचं, मग खालचं. पाण्याच्या कडेला अडकलेलं आधी, गाळात रुतलेलं नंतर. झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या साड्या आणि पिशव्या ओढू नका, कापा. ओढलं की फांदी आणि काठची माती दोन्ही येतात. गोळा केलेलं त्याच दिवशी उचललं जाईल अशी व्यवस्था नसेल तर त्या दिवशी काम करू नका. काठावर ठेवलेली पोती रात्रीच्या पावसात परत पाण्यात गेल्याचं आम्ही पाहिलं आहे. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक ताईंकडून काय विकलं जातं आणि काय नाही ते शिकून घ्या.

पालापाचोळा, पडलेलं खोड, पाणकणसाची बेटं, गोल दगड हा कचरा नव्हे. पाणी दगडांवरून खळखळत जातं तेव्हा त्यात हवा मिसळते. खोडाखाली खेकडे राहतात. सगळं साफ, सपाट झालं पाहिजे असं वाटणारे लोक गटात येतील. त्यांना शांतपणे समजावून सांगावं लागतं.

६. मैलापाणी: खरी लढाई इथे आहे

कचरा डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. ओढा मरतो तो मैल्यानं. शहरांत बऱ्याच ठिकाणी मलवाहिनी पात्रातून किंवा काठाला लागूनच टाकलेली असते, कारण उतार तयार मिळतो. ती कुठे तुंबली की सगळ्यात सखल चेंबर उसळतं आणि पाणी थेट ओढ्यात.

आमच्या यादीतलं बावीस नंबरचं चेंबर असंच होतं. चार तक्रारी केल्या, काही झालं नाही, आणि दोष आमचाच होता. आम्ही लिहीत होतो "नाल्यात घाण पाणी येते". येणारा माणूस दुपारी यायचा, तेव्हा चेंबर शांत असायचं. मग आम्ही तिघांनी वाटून घेऊन सलग पाच दिवस सकाळी सात, नऊ, अकरा आणि संध्याकाळी सहाला फोटो काढले. सातला आणि नऊला उसळलेलं, बाकी वेळी नाही. वरचं आणि खालचं चेंबर पालिकेच्या माणसाकडून उघडून घेऊन बाहेरूनच पाहिलं: वरचं काठोकाठ, खालचं कोरडं. म्हणजे तुंबारा त्या दोघांच्या मधे. एवढं एका पानावर लिहून दिलं. कनिष्ठ अभियंते सकाळी सातला स्वतः आले, दोन दिवसांनी जोराच्या पाण्यानं वाहिनी मोकळी करणारं जेटिंग मशीन लागलं. आतून गोणपाट, चिंध्या आणि सिमेंटचे घट्ट झालेले गोळे निघाले. आठवड्यात वास गेला. तिसऱ्या रविवारी डोहावर निवळ्या पळताना दिसल्या. मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

पाणी तपासायचं साधं साहित्य घ्या: पीएचच्या पट्ट्या, थर्मामीटर आणि विरघळलेल्या प्राणवायूचा किट. या किटमध्ये बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि दोन द्रावणांचे थेंब टाकायचे. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. मार्चमधल्या एका सकाळी पाइपाखालच्या पाण्याची बाटली दुधासारखी पांढरी झाली आणि तिथून दीडशे मीटर वर, झऱ्याजवळ, तीच कृती केल्यावर दालचिनीच्या रंगाची. दोन्ही बाटल्या आम्ही सोसायटीच्या सभेत टेबलावर शेजारी ठेवल्या. त्या दिवशी फारसं बोलावं लागलं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी निदान ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू धरला आहे, तो आकडा लक्षात ठेवा. दर महिन्याला तीच जागा, तीच वेळ. जागा बदलली की नोंदींची तुलना होत नाही.

फेस दिसला तर तो बहुतेक साबण-पावडरीचा. वरच्या अंगाच्या एखाद्या मोठ्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, बंद असू शकतो. थेट तक्रारीआधी कमिटीला भेटा. आम्ही भेटलो त्या ठिकाणी मोटर जळून सहा महिने झाले होते आणि बहुतेक रहिवाशांना ते माहीतही नव्हतं. भेटूनही हललं नाही तर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी जा.

जलपर्णी काढायला सगळ्यांना आवडतं, कारण काम दिसतं. काढा, पण पाण्यापासून लांब नेऊन टाका, आणि मैला थांबला नाही तर ती परत येणारच हे धरून चाला. ती मैल्यातल्या खतावरच वाढते.

७. झाडं: घाई करू नका

लागवडीच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही साठ रोपं लावली. कुणी वाढदिवसाचा गुलमोहर दिला, कुणी नारळ. जुलैच्या पुरात त्यातली एकूण एक गेली. दोन वर्षं काहीही लावायचं नाही असं ठरवलं आणि काठाचं नुसतं निरीक्षण केलं. काय आपोआप उगवतं, पूर कुठवर येतो, हे कळलं.

पाण्याच्या अगदी कडेला वाळुंज, शेरणी, लव्हाळा, वाळा. त्यावर करंज, उंबर, निर्गुडी. पुराच्या रेषेबाहेर जांभूळ, अर्जुन. वाळुंजाची फांदी ओल्या मातीत रोवली तरी फुटते. सुबाभूळ, घाणेरी, बेशरम ही उपटायची झाडं, पण एकदम सगळी नको; मुळं गेली की काठ उघडा पडतो. एका बाजूचं दहा मीटर काढा, तिथे देशी रुजू द्या, मग पुढचं. मोठ्या झाडाला, सुबाभळीलासुद्धा, शहरात १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय कोयता लावू नका.

८. नालेसफाईच्या आधी पोचा

एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई होते. पुलाखालचा आणि मोऱ्यांतला गाळ निघालाच पाहिजे, नाहीतर पाणी घरांत शिरतं. पण जेसीबीचा चालक काठही खरवडतो, कारण त्याला कुणी वेगळं सांगितलेलं नसतं. आमची दोन वर्षांची वाळुंजं एका सकाळीत गेली. तेव्हापासून मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पत्र देतो, कुठला गाळ काढावा ते नकाशावर दाखवतो, राखायच्या झाडांना लाल फीत बांधतो आणि जेसीबी येतो त्या दिवशी दोघं जण सकाळपासून तिथे उभे राहतो. चालकाला चहा देऊन फिती दाखवल्या तर तो सांभाळून काम करतो, हा आमचा अनुभव आहे.

९. टेकडीकडे लक्ष ठेवा

टेकडीवर पडलेलं पाणी गवतातून मुरत आलं तर ओढा डिसेंबरपर्यंत वाहतो. टेकडी खोदली, सपाट केली की तेच पाणी तासाभरात खाली येतं, माती घेऊन. म्हणून वरच्या टेकडीवर रात्री डंपर येत असतील तर ते तुमच्या टप्प्याचं काम आहे. फेब्रुवारीपासून वणव्यावर नजर ठेवा. गवताळ माळ मोकळा दिसतो म्हणून तिथे रोपांचे खड्डे किंवा चर खणायला जाऊ नका. ते गवतच पाणी धरतं. आणि टेकडी वनखात्याची असेल तर परवानगीशिवाय कुदळ मारताच येत नाही.

१०. वही

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची एक वही. तारीख, वेळ, किती जण आले, किती पोती, पाण्याचा रंग, वास, साक्याचा रंग, पत्रांचे आवक क्रमांक, दिसलेले पक्षी. मोबाइलमधले फोटो फोनबरोबर जातात, वही राहते. ती दोन घरांत सहा-सहा महिने ठेवा म्हणजे एक जण गाव सोडून गेला तरी काम अडत नाही. आमची आता चौथी वही चालू आहे. ती सध्या नववीतल्या एका मुलीकडे आहे, आणि गेल्या महिन्यात बावीस नंबरच्या चेंबरची पातळी पुन्हा वाढल्याचं तिनंच आम्हाला कळवलं.